पारणं कधी करणार, ताई?

पत्राचा सारांश

सोलापुरातल्या एकेचाळीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. घरात नवरा, सासूबाई आणि अकरा वर्षांची मुलगी. घर शाकाहारी. पोट फुगणं, जेवल्यावर जडपणा, मधूनच जुलाब आणि सकाळी उठल्यावरही न गेलेला थकवा, असा त्रास त्यांना दोन-तीन वर्षं होता. नात्यातल्या एकीच्या सांगण्यावरून त्यांनी ‘फूड इनटॉलरन्स’ची रक्ततपासणी करून घेतली. रिपोर्टात बरेच पदार्थ लाल रंगात आले. तेव्हापासून गहू, दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ, शेंगदाणे, तूरडाळ, हरभरा, कांदा, लसूण, टोमॅटो, वांगी आणि साखर एकदम बंद. गेले सात महिने त्या ज्वारीची भाकरी, भात, मूगडाळ, दुधी-दोडका-पडवळ आणि बदामाचं दूध एवढ्यावर आहेत.

पहिले दोन महिने ‘नवा जन्म झाल्यासारखं’ वाटलं. पोट अजूनही बरंच शांत आहे, पण थकवा परत आलाय, केस गळतायत, पायाला मुंग्या येतात, वजन 58 वरून 51 किलोवर आलंय. एखाद्या कार्यक्रमात घासभर काही खाल्लं गेलं, तर त्या पुढचे दोन दिवस नुसत्या मुगाच्या पाण्यावर राहून ‘भरपाई’ करतात. सासूबाई म्हणतात, “एवढं कडक तर आमचं सोवळंबी नव्हतं गं.” आता संक्रांत आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा तोंडावर आलीय. त्या विचारतात: मन घट्ट कसं ठेवू? आग्रह करणाऱ्यांना कसं थोपवू? थकवा जाण्यासाठी आणखी काय बंद करू? आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहितात, की मुलीचंही पोट अधूनमधून दुखतं म्हणून तिलाही गहू आणि दूध बंद केलंय.

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं आठ दिवस थांबू शकतं, हे नाही.

तुमचा रिपोर्ट तुमच्या रक्ताचा आहे, मुलीच्या नाही. अकरावं वर्ष म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याचं, हाडं भरण्याचं वय. पाळी सुरू झाली नसेल तर लवकरच होईल. अशा वेळी शाकाहारी मुलीच्या ताटातून दूध, दही आणि पोळी एकदम काढली, तर ती जागा भरायला तिच्याकडे फारसं काही उरत नाही. दूध किंवा गव्हाने तिच्या अंगावर कधी पित्त उठलं असेल, ओठ सुजले असतील, धाप लागली असेल, तर घरी काही न देता आधी डॉक्टरांना विचारा. तसं काही झालं नसेल तर तिचं दूध-दही आणि पोळी परत सुरू करा आणि तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या वयातल्या पोटदुखीमागे पुष्कळदा बद्धकोष्ठ असतं, कधी जंत असतात, कधी शाळेतली एखादी धास्ती असते. शाळेत वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी तिने घेतली का, एवढं तरी आज विचारून ठेवा. डॉक्टरांना सिलिॲकची, म्हणजे गव्हाने आतड्याचं अस्तर झिजवणाऱ्या आजाराची, शंका आली तर ती तपासणी गहू खात असतानाच करायची असते. का ते पुढे सांगते.

आणखी एक. ताटातल्या वस्तूंना घाबरायचं असतं हे ती तुमच्याकडे बघून शिकते आहे. तुमचा हेतू तिला जपण्याचा आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते आहे.

आता तुमच्याविषयी. तुमचा त्रास खरा होता आणि पहिल्या दोन महिन्यांतला आरामही खरा होता. घरात सगळ्यांसाठी शेंगा चटणी कुटायची आणि स्वतः पडवळाची भाजी घेऊन बसायचं, ऑफिसात वाढदिवसाचा केक दुसऱ्यांना वाटायचा, आणि हे सात महिने करायचं, याला निग्रह लागतो. तो तुमच्यात भरपूर आहे. त्यामुळे ‘मन घट्ट कसं ठेवू’ या प्रश्नाला माझं उत्तर थोडं वेगळं आहे. मन घट्टच आहे. प्रश्न असा आहे, की ते कशासाठी घट्ट ठेवायचं आणि कधीपर्यंत?

पदार्थ काढून बघण्याचा आहार हा मुळात उपचार नाही, तपास आहे. 1920च्या दशकात अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट रो यांनी तो ॲलर्जीच्या रुग्णांसाठी मांडला, तेव्हापासून त्याचे दोन भाग आहेत. आधी संशयित पदार्थ थोडे दिवस काढायचे. मग ते एकेक करून परत आणायचे आणि कोणता सोसतो, कोणता नाही, किती सोसतो, हे बघायचं. पोटाच्या तक्रारींसाठी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवलेली ‘लो फॉडमॅप’ पद्धत, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणारे घटक कमी करण्याची पद्धत, आज जगभर वापरतात. तिच्यातही बंदीचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. तेवढ्यात फरक पडला तर पुढच्या टप्प्याला जायचं. पडला नाही तर तो आहार सोडून दुसरं कारण शोधायचं. कुठल्याही रस्त्याने गेलं तरी सात महिने त्याच टप्प्यात राहणं यात बसत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं. आषाढीच्या आधी कांदेनवमीला पोटभर कांदाभजी खायची आणि मग चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगं सोडायचं, हे तुमच्या सासूबाईंनी वर्षानुवर्षं केलं असेल. पण सोडताना कार्तिकीची तारीख ठरलेली असते. एकादशीचं पारणंही द्वादशीला होतं. तुम्ही सोडलं ते नीट सोडलं, पारण्याचा दिवस मात्र कुणीच ठरवून दिला नाही. त्या लॅबने नाही, त्या नातेवाईक बाईंनीही नाही. तो तुमचा दोष नाही.

तो रिपोर्ट तुम्ही अजून फ्रीजवर चिकटवून ठेवलाय, असं लिहिलंय. तो काढा. अशा तपासण्यांत बहुतेक वेळा रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. तुमच्या कागदावरही पदार्थांच्या यादीपुढे हीच अक्षरं असतील, बघा. आपण जे वरचेवर खातो त्याविरुद्ध ही प्रतिपिंडं निरोगी माणसातही तयार होतात. शरीराची त्या पदार्थाशी ओळख झाली आहे, एवढंच त्यावरून कळतं. ज्या घरात रोज शेंगा चटणी आणि तुरीची आमटी, तिथल्या बाईच्या कागदावर शेंगदाणा आणि तूर लाल येणं साहजिक आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितलं, की अन्न सोसत नाही हे ठरवायला ही चाचणी वापरू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या तज्ज्ञ संघटनांचंही तेच म्हणणं आहे. खऱ्या ॲलर्जीसाठी आयजीई ही वेगळी तपासणी असते आणि तीही लक्षणांची हकिकत विचारूनच करतात. त्या कागदावर तुम्ही पैसे घालवलेत, त्यामुळे तो बाजूला ठेवणं जिवावर येईल. पण आणखी सात महिने त्याच्या म्हणण्यावर काढणं जास्त महाग पडेल.

“मग मला बरं का वाटलं?” असं तुम्ही विचाराल. तुमच्याच पत्रात त्याची निदान पाच कारणं दिसतात. गहू आणि साखर गेली, त्याबरोबर चहासोबतची खारी-बिस्किटं गेली. दूध बंद, म्हणून दिवसाचे पाच चहा दोन कोऱ्या चहांवर आले. बाहेरचं खाणं थांबलं. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आलं, कारण तुमचा स्वयंपाक वेगळा होऊ लागला. आणि कांदा-लसूण-हरभरा-तूर एकदम गेल्यामुळे आतड्यात आंबून वायू करणारे घटक कमी झाले. यातल्या एकाने फरक पडला असेल किंवा तिघांनी मिळून. कुणी पाडला हे आज तुम्हाला सांगता येत नाही आणि मलाही येत नाही. म्हणजे वांगं, टोमॅटो, शेंगदाणे हे बिचारे विनाकारण बाहेर बसलेले असण्याची बरीच शक्यता आहे.

सुरुवातीला जुलाब होते असं लिहिलंय. तेव्हा शौचाची तपासणी झाली होती का? आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, घराघरात साठवलेलं पाणी वापरतात. जिआर्डियासारखे जंतू अशा पाण्यातून पोटात जाऊन महिनोन्‌महिने फुगारा आणि जुलाब देऊ शकतात, आणि ते असताना दूधही पचेनासं होतं. योग्य औषधाने ते बरं होतं. पदार्थांवर आळ घेण्याआधी ही साधी तपासणी व्हायला हवी होती. अजूनही करून घ्या.

आता थकव्याचं. आणखी काय बंद करू, असं तुम्ही विचारता. काहीही नाही. माझा अंदाज असा आहे, की हा नवा थकवा खाल्लेल्या पदार्थांनी आलेला नाही, न खाल्लेल्यांनी आलाय. हिशेब करून बघू. दिवसाला तीन भाकऱ्या आणि दोन वाट्या मूगडाळ धरली, तर प्रथिनं तीस ग्रॅमच्या आसपास होतात. भात-भाजीतून थोडी भर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार किलोमागे 0.83 ग्रॅम लागतात. तुमच्या पूर्वीच्या वजनाला ते अठ्ठेचाळीस ग्रॅम झाले. बदामाच्या दुधाचा भरवसा धरू नका. त्यात बरंचसं पाणीच असतं. पेलाभर गाईच्या दुधातून मिळणाऱ्या प्रथिनांच्या पासंगालाही ते पुरत नाही, आणि वरून घातलेलं नसेल तर कॅल्शियमही जेमतेमच. बी-12चं तर शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक, पनीर सोडून नैसर्गिक ठिकाणच नाही. ते चारही तुमच्याकडे बंद आहेत. पायाला मुंग्या येणं हे बी-12 कमी झाल्याचं ओळखीचं लक्षण आहे आणि ते अंगावर काढायचं नसतं, फार काळ गेला तर नसांचं नुकसान भरून येत नाही. केस गळण्यामागे लोह, थायरॉइड आणि उतरलेलं वजन ही तिन्ही कारणं असू शकतात.

म्हणून या आठवड्यात फिजिशियनकडे जा. हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या तपासण्यांविषयी विचारा. सात महिन्यांत शरीराच्या आठव्या हिश्शाएवढं वजन उतरलंय, हे त्यांना आवर्जून सांगा. आहारामुळे उतरलं असेलही, पण आपल्या देशात पोटाच्या तक्रारी आणि उतरणारं वजन एकत्र दिसलं की आतड्याचा क्षयरोग आहे का, हेही बघावं लागतं. “बारीक झालीस, छान दिसतेस” म्हणणाऱ्यांकडे तूर्त लक्ष देऊ नका.

त्याच भेटीत सिलिॲक आजाराचा विषय काढा. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं, असा हा आजार. टीटीजी-आयजीए नावाच्या रक्ततपासणीतून तो लक्षात येतो. अडचण एकच: ही तपासणी गहू खात असतानाच खरी येते. महिनोन्‌महिने गहू बंद असेल तर आजार असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. म्हणून किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात गहू घ्यायचा आणि मग रक्त द्यायचं, असा प्रघात आहे. याला तुमचं मन धजत नसेल तर डॉक्टरांना एचएलए डीक्यू-2 आणि डीक्यू-8 या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा. तिला गहू खावा लागत नाही. ती नकारार्थी आली तर सिलिॲक जवळजवळ नाहीच असं धरता येतं. सकारात्मक आली तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं पुष्कळ निरोगी माणसांतही असतात.

हे वाचणाऱ्या, अजून गहू न सोडलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: सोडायचाच असेल तर आधी ही एक तपासणी करा, मग सोडा.

समजा सिलिॲक निघालाच, तर मी आतापर्यंत लिहिलेलं गव्हापुरतं उलटं करून वाचायचं. तिथे कडकपणा जन्मभराचा असतो आणि “एका घासानं काय होतंय” म्हणणारे चुकीचे असतात. मग गिरणीत ज्वारी गव्हावर दळून चालत नाही. ज्वारीवर किंवा बाजरीवरच दळून घ्यावी लागते, नाहीतर घरी छोटी चक्की आणावी लागते. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा मिसळलेला असतो, तो डबा वाचून घ्यावा लागतो. धपाट्याच्या तयार पिठात गहू असतो. तरीही अशा माणसाने सोलापुरात राहणं भाग्याचंच म्हणायचं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ज्या कडक भाकरीसाठी लोक इथून पिशव्या भरून नेतात, तिच्यात ग्लुटेन नसतंच. फक्त ती ज्वारीचीच आहे आणि पीठ कशावर दळलंय, एवढं विचारून घ्यायचं.

शेंगदाणा, दूध, तीळ अशा कशाची खरी ॲलर्जी असलेल्यांनाही हेच लागू. पूर्वी कधी एखाद्या पदार्थाने अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला किंवा चक्कर येऊन पडायला झालं असेल, तर तो पदार्थ घरी कधीही खाऊन बघायचा नाही. तुमच्या पत्रात असं काही नाही, म्हणून पुढचं लिहिते.

पारणं असं करा. एक साधी वही घ्या. संक्रांतीच्या गडबडीचा आठवडा आणि पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस सोडून सुरुवात करा, कारण पाळीआधी पुष्कळ बायकांचं पोट तसंही फुगतं आणि आळ त्या दिवशीच्या पदार्थावर येतो. एका वेळी एकच पदार्थ. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या दिवशी घरातली माणसं खातात तेवढा. मग तीन दिवस तो थांबवायचा आणि आधीचाच आहार ठेवायचा, म्हणजे उशिरा येणारा त्रासही कळतो. वहीत पदार्थ, प्रमाण, झोप, शौच आणि त्या दिवशी मनावर काही ताण होता का, हे लिहायचं. रोज दोन ओळी पुरतात.

दह्यापासून सुरुवात करा. आधी दोन चमचे, मग अर्धी वाटी, मग वाटीभर. दह्यात दुधापेक्षा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असतं आणि विरजणातले जंतू ते पचवायला मदत करतात. दही सोसलं की दुधाची पाळी. दह्याने काही झालं नाही आणि कपभर दुधाने पोट गुडगुडलं, तर तुमचं भांडण लॅक्टोजशी आहे, दुधाच्या सगळ्या कुळाशी नाही. मग ताक, दही, पनीर खुशाल घ्या आणि चहातलं चार चमचे दूधही बहुधा चालेल. मी दही सगळ्यात आधी ठेवलं ते तुमच्या बी-12 आणि प्रथिनांसाठी. तपासणीत बी-12 फारच कमी निघालं तर गोळ्या-इंजेक्शनं घ्यावी लागतील, नुसत्या दह्यावर भागणार नाही.

मग तूर. साधं वरण, हिंग-हळद घातलेलं, लसणाशिवाय. डाळ भिजवून, ते पाणी ओतून देऊन शिजवलीत तर वायू कमी होतो. मग शेंगदाणे, आणि इथे जरा थांबून बघा. लगेच चटणी खाऊ नका. आपल्या शेंगा चटणीत लसूण भरपूर असतो, त्यामुळे त्रास झाला तर दोषी कोण हे कळणार नाही. आधी नुसते भाजलेले शेंगदाणे, तीन दिवस. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासून झाले की मग चटणी. शेंगदाणे मुळात वायू करणाऱ्यांच्या यादीत खालीच असतात. लसूण मात्र वर असतो. गव्हात, कांद्यात आणि लसणात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते. गव्हाने त्रास होतो म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना ग्लुटेनपेक्षा या फ्रुक्टनचाच त्रास होतो, असं नॉर्वेतल्या संशोधकांना 2018 मध्ये आढळलं. लसूण नाहीच सोसला तर एक युक्ती आहे. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. पाकळ्या तेलात लालसर तळा, काढून टाका आणि त्या तेलाची फोडणी द्या. चव येते, त्रास टळतो. आमटीत उकळलेल्या पाकळ्या नंतर काढून मात्र उपयोग नसतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग वापरता येतो.

टोमॅटो आणि वांगी यांना मी फार वेळ देणार नाही. हरभरा त्यांच्यानंतर. साखर थोडी कमी राहिली तरी तुमचं काही बिघडत नाही.

गहू सगळ्यात शेवटी ठेवा, कारण तपासणीसाठी तो सलग सहा आठवडे खावा लागेल आणि तेव्हा बाकीचं चित्र स्पष्ट झालेलं असेल. सिलिॲक नाही असं ठरलं आणि तरी गव्हाचा संशय मनातून जात नसेल, तर सासूबाईंना सामील करून घ्या. ज्वारीच्या पिठात किसलेला दुधी, ओवा, तीळ घालून त्यांना धपाटे करायला सांगा. एका आठवड्यात तीन दिवस नुसत्या ज्वारीचे, पुढच्या आठवड्यात तीन दिवस दोन पोळ्यांएवढी कणीक मिसळलेले. कोणत्या आठवड्यात कोणते, हे फक्त त्यांना ठाऊक. पीठ मळताना तुम्ही स्वयंपाकघरात जायचं नाही. तुम्ही वहीत फक्त पोटाचं लिहायचं. शेवटी त्यांनी लपवून ठेवलेला कागद आणि तुमची वही शेजारी ठेवून बघा. एखाद्या पदार्थाची धास्ती घेतली की नुसत्या धास्तीनेही पोट दुखतं, मुरडतं, खरोखर फुगतं. तो त्रास खोटा नसतो, पण त्यावरचा उपाय पदार्थ बंद करणं हा नसतो. हे वेगळं करायला यापेक्षा चांगली घरगुती रीत मला माहीत नाही. आणि सात महिने “खाऊन बघ की” म्हणून थकलेल्या सासूबाईंना या कामात मान मिळेल, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

त्यांच्या सोवळ्याच्या बोलण्याने तुम्ही दुखावलात. त्यांच्या बाजूनेही बघा. तुम्ही त्यांच्या हातचं सगळंच नाकारलंत, असं त्यांना दिसतं. कोणतं कशासाठी नाकारलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. “आई, मी एकेक परत खाऊन बघणार आहे, मला तुमची मदत लागेल” असं एकदा म्हणून बघा. बाहेरच्यांना एवढं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. हळदीकुंकवाला “डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात, आत्ता थोडंच घेते” एवढं बोलणं पुरतं. भोगीला बाजरीची भाकरी, लोणी नको असेल तर तीळ लावून, आणि तुम्हाला चालणाऱ्या भाज्यांची वेगळी वाटी. गड्ड्यावर जाताना घरून जेवून जा आणि मुलीला हवं ते खाऊ द्या. तिळगुळाचा एक तुकडा खाल्लात तर तो वहीत लिहा, बस्स.

ती ‘भरपाई’ मात्र आजच बंद करा. घासभर शिऱ्यासाठी दोन दिवस मुगाचं पाणी, हे शरीराला नको आहे. आधीच कमी पडतंय त्यातून आणखी काढणं आहे ते. शिवाय त्या उपाशी दिवसांमुळे घासाने त्रास झाला की उपासाने, हेही कळेनासं होतं. चुकून काही खाल्लं गेलं तर पुढचं जेवण नेहमीसारखं आणि वेळेवर. हे वाचताना छातीत धडधड होत असेल, पदार्थ परत आणण्याच्या नुसत्या विचाराने रडू येत असेल, तर ते मनोविकारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना सांगा. दिवसभर डोक्यात खाण्याचेच हिशेब चालणं हाही एक त्रास आहे आणि त्यावर मदत मिळते.

वहीचा निकाल ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ एवढाच येणार नाही, याची तयारी ठेवा. बहुतेक जणांच्या बाबतीत तो प्रमाणाचा येतो: एक पोळी चालते, चार नाही, शिजवलेला कांदा चालतो, कच्ची कोशिंबीर नाही, राजमा रात्री नको, दुपारी चालतो. जे खरोखर सोसत नाही ते दोन-तीन महिन्यांनी थोडंसं परत तपासा, कारण पोटाची सोसण्याची ताकद बदलत असते. आणि जे कायमचं जाईल त्याची जागा भरा: दूध गेलं तर नाचणी आणि तीळ, तूर गेली तर मूग आणि मटकी, जोडीला बी-12ची गोळी. आहारतज्ज्ञाची एक-दोनदा भेट घेतलीत तर हा हिशेब सोपा होईल.

हे सगळं चालू असताना शौचातून रक्त पडलं, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागलं, संध्याकाळी कणकण येऊ लागली, गिळताना घास अडकला, खाणं वाढवूनही वजन उतरतच राहिलं, किंवा पायाच्या मुंग्या वाढून चालताना तोल जाऊ लागला, तर वही मिटवून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रात्र असेल तर सिव्हिलचा अपघात विभाग उघडा असतो. दह्या-डाळीचा प्रयोग पंधरा दिवसांनीही करता येईल.